मापांची वही

देवळाली कॅम्पात, लॅम रोडला आमचं दुकान.
पाटीवर 'मिलिटरी अँड सिव्हिल टेलर्स'.
मिलिटरीचा रंग उडालाय, सिव्हिलचा अजून तग धरून.

आजोबा, निवृत्ती लचके,
इंग्रजी अक्षर ओळखत नसत,
साहेबाची पाठ मात्र लांबून ओळखायचे.
वहीत नावं मोडीत, मापं इंचात:
'हारडी कप्तान. छाती एकोणचाळीस.
डावा खांदा अर्धा इंच पडका.
कापूस घालून भरणे. बोलू नये.'
आणि परेडला कप्तान सरळ,
गजासारखा सरळ.

बाबा कात्री चालवता चालवता सांगायचे:
साध्या गोऱ्या शिपायाचा लाल मंजिष्ठेचा,
दोन पावसाळ्यांत विटकरीवर यायचा.
साहेबाचा लाल वाळवलेल्या किड्यांचा.
हा फरक पलटणीत सगळ्यांना पाठ,
परटाला सगळ्यांच्या आधी.
बटणंसुद्धा बोलायची.
एकेक लावलेलं, जोडीनं लावलेलं, तीन-तीन:
त्यावरून कोण कुठल्या पलटणीचा ते कळे,
नाव विचारावं लागत नसे.
खांद्यावरची झालर म्हणे तलवारीचा घाव अडवायला होती.
देवळालीत तिच्यावर कुणी तलवार उगारली नाही.
येवल्याची कलाबूत ती,
पैठणीच्या मोराची सख्खी बहीण,
मेसमध्ये सोड्याच्या ग्लासावर झुलत राहिली.

जूनमध्ये राजाचा वाढदिवस.
पाऊस नाही, वारा नाही,
गळ्यापर्यंत हुक लावून मैदानात उभी पलटण.
एक एकोणीस वर्षांचं पोर कोसळलं.
हुक सोडायलासुद्धा हुकूम लागत होता.

आणि कलेक्टर कचेरीच्या पायरीवर
आमच्याच गल्लीतले सखारामबुवा,
लाल पट्टा, पितळी बिल्ला.
घरी बायकोही म्हणू लागली, पट्टेवाले आले.

मग खाकी आली. म्हणजे धूळच, पण इस्त्रीची.
हारडी कप्तान बसऱ्याला गेला खाकीत,
लाल कोट राहिला आमच्या खुंटीवर.
वहीत त्याच्या नावापुढे:
'येणे सव्वाअकरा रुपये.'
पुढे काही नाही. रेघही नाही.

कितीतरी वर्षं डांबराच्या गोळ्या बदलल्या.
मग भद्रकालीतून रज्जाक मास्टर आले,
बँड काढायचा होता.
म्हणाले, असा कोट हवा की नवरदेवाआधी लोकांनी आम्हाला बघावं.
आजोबांनी कोट उसवला, कागदावर खाका घेतला,
तंतोतंत,
कॉलर, झालर, जोडीजोडीची बटणं,
आणि डाव्या खांद्यातला अर्धा इंचही.
शिंप्याचं इमान. समोर आहे ते उतरवायचं.
तेव्हापासून नाशकातल्या वरातींत
चाळीसेक माणसं
एका कप्तानाचा खांदा सांभाळत नाचणाऱ्यांच्या पुढं चालतात.

परवा भिवसन आला, ढोलवाला,
कोपराशी उसवलेला कोट घेऊन.
'ताई, टाका मारा. सातला गंगापूर रोडच्या लॉन्सवर वरात आहे.
आणि हा डावीकडून चढल्यासारखा का वाटतो ओ?
माझ्या बापालाही वाटायचा.'

मी टेप काढली.
छाती तेहेतीस. कोटात आणखी अर्धा माणूस मावेल.
डावा खांदा चांगला.
उजवा पडलेला, चांगला पाऊण इंच,
पट्ट्याने हाडाशी एक खाच पाडलेली.

अस्तर उसवून डावीकडचा कापूस काढला.
पिवळट, लिंबाएवढा.
म्हटलं, हाच उजवीकडे भरते, सरळ दिसशील.
तो हसला. 'नको ताई.
तिथंच तर ढोलाचा पट्टा बसतो.
भरलंत तर घसरेल.'

वहीची मागची पानं अजून कोरी आहेत.
लिहिलं: भिवसन गांगुर्डे. छाती तेहेतीस.
उजवा खांदा पाऊण इंच.
तसाच ठेवणे.

तो कोट घालून सायकलवर बसला,
झालर वाऱ्यावर,
आणि पैसे द्यायचे विसरला.